मोठी संख्या समोर आली की तिचे गुणधर्म कसे काढायचे

एखादी सात-आठ आकडी संख्या दिसली की आपण ती सर्चमध्ये टाकतो, मग लांबलचक यादी येते, विभाजक इतके, बायनरी अमुक, वर्गमूळ तमुक, आणि वाचून झाल्यावर डोक्यात काहीही राहत नाही, कारण त्यातली एक गोष्ट दुसरीतून कशी निघते तेच त्यात नसतं. खरं तर एकच काम नीट केलं की बाकीचं जवळजवळ सगळं फुकटात मिळतं, ते म्हणजे मूळ अवयव पाडणं. आठ आकड्यांपर्यंत हे कागद, पेन आणि साध्या कॅल्क्युलेटरवर आरामात होतं, फक्त क्रम नीट पाहिजे.

उदाहरणाला ही घेऊ: १,०३,८८,६६४. एक कोटी तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे चौसष्ट. मुद्दाम प्रसिद्ध नसलेली घेतलीय, नाहीतर १७२९ सारखी संख्या घेतली की लोकांना उत्तर आधीच पाठ असतं.

पहिलं काम म्हणजे स्वल्पविराम उडवा. आपली लाख-कोटीची पद्धत वाचायला छान आहे पण तिच्यात पहिला गट तीनचा आणि पुढचे दोन-दोनचे असतात, आणि खाली ज्या कसोट्या आहेत त्यांना सगळे गट एकसारखे लागतात. म्हणून आधी सलग १०३८८६६४ लिहून घ्या आणि मग लागेल तसे उजवीकडून गट पाडा.

आता २ पासून सुरुवात. शेवटचा अंक ४, म्हणजे सम. शेवटचे दोन अंक ६४, त्यांना ४ नं भाग जातो. शेवटचे तीन ६६४ = ८ × ८३, म्हणजे ८ नं पण जातो. शेवटचे चार ८६६४, त्यांना १६ नं भागलं तर ५४१.५ येतं, म्हणजे इथे थांबायचं. नुसतं "सम आहे" म्हणून सोडून देऊ नका, २ नेमका किती वेळा जातो ते पुढे बऱ्याच ठिकाणी लागणार आहे. इथे तीनदा जातो. शेवटी ० किंवा ५ नाही म्हणून ५ बाद.

यानंतर शाळेत ३ ची, ९ ची आणि ११ ची कसोटी वेगवेगळी शिकवतात, पण एकाच फटक्यात तिन्ही करता येतात आणि मला हीच पद्धत जास्त आवडते. उजवीकडून दोन-दोनचे गट पाडा आणि बेरीज करा:

१० + ३८ + ८६ + ६४ = १९८

१९८ म्हणजे ९९ च्या दुप्पट. म्हणजे आख्ख्या संख्येला ९९ नं भाग जातो, म्हणजेच ९ नं पण आणि ११ नं पण. असं का चालतं तर १०० ला ९९ नं भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे शंभराचा गट असो की दहा हजाराचा, बाकीच्या हिशोबात तो नुसता दोन आकडी गट म्हणूनच मोजला जातो. बेरीज ९९ च्या पटीत नाही आली तरी बिघडत नाही, जी येईल तिलाच ३, ९ आणि ११ नं भागून बघा, उत्तर मूळ संख्येला पण तेच लागू.

मग तीन-तीनचे गट. उजवीकडून पहिला अधिक, दुसरा उणे, तिसरा अधिक:

६६४ − ३८८ + १० = २८६

१००१ = ७ × ११ × १३ हे लक्षात ठेवलं तर ही एक ओळ तीन मूळ संख्यांचा निकाल लावते. २८६ = २ × ११ × १३, म्हणजे ११ परत एकदा कन्फर्म झाला, १३ पण जातो, आणि २८६ ला ७ नं भागलं तर बाकी ६ उरते म्हणून ७ बाद. ७ ची ती शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची कसोटी असते ना, आठ आकड्यांवर ती करत बसण्यापेक्षा हे खूप सुटसुटीत.

तेच गट वजाबाकी न करता नुसते मिळवले तर ६६४ + ३८८ + १० = १०६२, परत मिळवा, ६२ + १ = ६३. ही ९९९ ची कसोटी झाली, आणि ९९९ = २७ × ३७. ६३ ला ३७ जात नाही आणि २७ पण जात नाही, म्हणजे ३७ बाद आणि ३ नेमका दोनदाच जातो हेही कळलं.

आता खरं भागायला घ्या, पण प्रत्येक भागाकारानंतर आधीची संख्या विसरून नव्या छोट्या संख्येवरच काम करा:

१०३८८६६४ ÷ ८ = १२९८५८३
१२९८५८३ ÷ ९ = १४४२८७
१४४२८७ ÷ ११ = १३११७
१३११७ ÷ १३ = १००९

आठ आकड्यांवरून चार आकड्यांवर आलो. ११ आणि १३ अजून एकदा जातात का बघून घ्या, दोघांनाही बाकी ८ उरते, म्हणजे नाही.

१००९ मूळ आहे का? इथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच खूप भागाकार करत बसतात. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्याच तपासायच्या असतात, कारण १००९ चे दोन अवयव असते तर त्यातला लहान अवयव वर्गमुळाच्या आतच सापडला असता. ३२ × ३२ = १०२४, म्हणजे ३१ पर्यंत पुरे. त्यातही २, ३, ५, ७, ११, १३ यांचा निकाल आधीच लागलाय, जी मूळ संख्या मोठ्या संख्येला गेली नाही ती तिच्या तुकड्याला जाणार कशी, आणि ज्या गेल्या त्या किती वेळा जातात ते आपण मोजूनच काढल्यात. उरल्या पाचच: १७ नं बाकी ६, १९ नं २, २३ नं २०, २९ नं २३, ३१ नं १७. एकही शून्य नाही, म्हणजे १००९ मूळ. चार आकडी संख्यांमधली ही सगळ्यात लहान मूळ संख्या.

कॅल्क्युलेटरवर बाकी कशी काढायची हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. १००९ ÷ १७ = ५९.३५२९... येतं, त्यातून ५९ वजा करा, जे ०.३५२९ उरतं त्याला १७ नं गुणा, ५.९९९ किंवा ६ येईल, म्हणजे बाकी ६.

तर उत्तर आलं:

१,०३,८८,६६४ = २ × २ × २ × ३ × ३ × ११ × १३ × १००९

पुढे जाण्याआधी पडताळा घ्या. सगळं परत गुणून बघता येतंच, पण बाकीवरूनही पटकन कळतं. ७ नं भागल्यावर ८ ची बाकी १, ९ ची २, ११ ची ४, १३ ची ६, १००९ ची १. यांचा गुणाकार ४८, आणि ४८ ला ७ नं भागून बाकी ६. वर २८६ वरून मूळ संख्येची बाकी पण ६ च आली होती, जुळलं. ९ चा पडताळा सगळ्यांना आवडतो पण संख्येला ९ नं भागच जात असेल तर तो काही कामाचा नाही, दोन्हीकडे शून्यच येणार.

अवयवांवरून काय काय निघतं

विभाजक किती? २ तीनदा आहे म्हणजे विभाजकात तो ०, १, २ किंवा ३ वेळा घेता येतो, चार पर्याय. ३ चे तीन पर्याय, आणि ११, १३, १००९ यांचे दोन-दोन. ४ × ३ × २ × २ × २ = ९६ विभाजक. यादी न करता.

विभाजकांची बेरीजही तशीच निघते, प्रत्येक मूळ संख्येचा वेगळा कंस करायचा: (१+२+४+८) × (१+३+९) × (१+११) × (१+१३) × (१+१००९), म्हणजे १५ × १३ × १२ × १४ × १०१० = ३,३०,८७,६००. यातून संख्या स्वतः वजा केली की २,२६,९८,९३६ उरतात. ही बेरीज संख्येपेक्षा नुसती जास्त आली तरी तिला विपुल संख्या म्हणतात, इथे तर दुपटीहून जास्त आहे. पण नुसतं विपुल आहे की नाही एवढंच हवं असेल तर हा हिशोब करायचीही गरज नाही, ६ ही परिपूर्ण संख्या आहे (तिचे स्वतःला सोडून बाकीचे विभाजक १ + २ + ३ = ६) आणि ६ च्या वरची ६ ची कुठलीही पट विपुलच असते.

संख्येच्या आत तिच्याशी सहमूळ किती, म्हणजे १ सोडून दुसरा एकही सामाईक विभाजक नसलेल्या किती, हा ऑयलरचा फाय. पूर्ण संख्या घ्या आणि प्रत्येक वेगळ्या मूळ अवयवासाठी तेवढा हिस्सा कमी करत जा: २ मुळे निम्म्या गेल्या, उरलेल्यातल्या ३ मुळे एक तृतीयांश गेल्या, असं करत. ८ चे ४ राहतात, ९ चे ६, ११ चे १०, १३ चे १२ आणि १००९ चे १००८, शेवटी ४ × ६ × १० × १२ × १००८ = २९,०३,०४० उरतात. म्हणजे साधारण अठ्ठावीस टक्के, २ आणि ३ दोन्ही असले की हा आकडा असाच खाली येतो.

वर्गसंख्या आहे का? शेवटी ४, अंकांची बेरीज ३६, वरवरच्या दोन्ही चाळण्यांतून ही सुटते आणि वर्ग असेल असं वाटतं. पण २ तीनदा आहे, तीन विषम, खेळ खल्लास. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. जवळचा वर्ग ३२२३ चा, १,०३,८७,७२९, आपल्या संख्येपेक्षा ९३५ नं कमी. घनसंख्येसाठी प्रत्येक अवयव तीनच्या पटीत लागतो, तेही नाही.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हा प्रश्न मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतो, कारण उत्तर बघून पटतच नाही की एवढं सोपं असेल. ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते अशा मूळ अवयवांकडे बघायचं, त्यातला प्रत्येक सम वेळा आला तर जमतं, एखादा जरी विषम वेळा आला तर कधीच जमत नाही. आपल्याकडे असे दोन आहेत, ३ आणि ११. ३ दोनदा आहे, ठीक. ११ एकदाच आहे, आणि त्यानंच सगळं बिघडवलं. १३ = ९ + ४ आणि १००९ = ७८४ + २२५, म्हणजे २८ चा वर्ग अधिक १५ चा वर्ग, हे दोघं बिचारे तयार होते. तीन वर्ग घेतले तर मात्र जमतं. लजांड्रनं १७९८ मध्ये दाखवलेला नियम असा, की ४ नं भागत राहिल्यावर शेवटी जे उरतं त्याला ८ नं भागून बाकी ७ आली तरच तीन वर्ग अपुरे पडतात. इथे ४ एकदाच जातो, २५९७१६६ उरतात, ८ नं बाकी ६, म्हणजे तीन वर्गांत काम होतं. आणि चार वर्गांत तर कुठलीही संख्या बसते, ते लग्रांजनं १७७० मध्येच सिद्ध केलंय.

दोन वर्गांची वजाबाकी याच्या मानानं अगदी सोपी. संख्या दोन सम अवयवांत फोडा, त्यांची सरासरी हा एक वर्ग आणि फरकाचा निम्मा हा दुसरा. २५७४ × ४०३६ घेतलं तर सरासरी ३३०५, निम्मा फरक ७३१, म्हणजे ३३०५ चा वर्ग वजा ७३१ चा वर्ग बरोबर आपली संख्या. अशा एकूण २४ जोड्या निघतात, संख्येला ४ नं भागून जे येतं त्याच्या ४८ विभाजकांच्या निम्म्या.

अंकांवरचे गुणधर्म

इथे माझं स्पष्ट मत आहे. वरचं सगळं त्या संख्येचं स्वतःचं आहे, ती दशमानात लिहा नाहीतर आणखी कशात, ९६ विभाजक म्हणजे ९६. पुढचं मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून येतं, पद्धत बदलली की निकालही बदलू शकतो. म्हणून याला गंमत म्हणूनच घ्या, गंमत भरपूर आहे.

अंकांची बेरीज १+०+३+८+८+६+६+४ = ३६. संख्येला ३६ नं भाग जातो का? ४ आणि ९ दोन्ही जातात म्हणजे जातो, २८८५७४ येतात. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात, देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलेलं नाव, ६१७४ या कापरेकर स्थिरांकाचे तेच ते.

हॅपी नंबर आहे का बघायला प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज करा, आलेल्या संख्येवर परत तेच, १ येईपर्यंत. १+०+९+६४+६४+३६+३६+१६ = २२६, मग ४४, मग ३२, मग १३, मग १०, मग १. झाली हॅपी. नसती तर ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २० आणि परत ४ या चक्रात अडकली असती, त्यामुळे मध्येच यातला आकडा दिसला की पेन खाली ठेवायचं.

स्मिथ संख्या म्हणजे जिच्या अंकांची बेरीज आणि तिच्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी, जसं २२, इकडे २+२ आणि तिकडे २+१+१. गणितज्ञ विलान्स्कीला ही कल्पना मेहुण्याच्या फोन नंबरवरून सुचली आणि त्यानं १९८२ मध्ये मेहुण्याचंच नाव दिलं, यावरून गणितवाल्यांच्या फावल्या वेळेची कल्पना यावी. आपल्या संख्येच्या अवयवांची अंकबेरीज २+२+२+३+३+२+४+१० = २८, इकडे ३६, म्हणजे नाही.

बायनरीसाठी २ नं भागत बाकी लिहीत जाता येतं, पण २४ वेळा भागणं कंटाळवाणं, त्यापेक्षा आधी २५६ नं भागा. भागाकार ४०५८० आणि बाकी १८४. ४०५८० ला परत २५६ नं भागा, भागाकार १५८ आणि बाकी १३२. म्हणजे १५८, १३२, १८४ असे तीन तुकडे, प्रत्येकाची आठ अंकी बायनरी करा आणि जोडा: १००११११० १००००१०० १०१११०००. एकूण अकरा वेळा १. शेवटी तीन शून्यं आहेत ना, ती २ तीनदा जातो त्याचीच. आणि हेच तीन तुकडे लाल, हिरवा, निळा म्हणून स्क्रीनवर टाकले तर फिकट जांभळा रंग येतो, १,६७,७७,२१६ च्या आतल्या प्रत्येक संख्येला असा स्वतःचा एक रंग असतो.

संख्या खूपच मोठी असेल तर

सगळ्यात आधी कॅल्क्युलेटरवर विश्वास किती ठेवायचा ते ठरवा. एक्सेलमध्ये फक्त पहिले १५ अंक टिकतात, सोळा आकडी संख्या टाकली की शेवटचा अंक गुपचूप ० होतो, आणि मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे हीच बोंब. पायथनमध्ये पूर्णांकाला असं बंधन नाही, भागाकाराला एक तिरकी रेघ न देता दोन द्यायच्या म्हणजे झालं. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये factor लिहून पुढे संख्या द्या, मूळ अवयव लगेच समोर.

हातानं करत असाल आणि लहान अवयव काढून झाल्यावर एक हट्टी तुकडा उरला तर फर्माची युक्ती वापरून बघा. समजा १३०८१ उरलेत. वर्गमूळ ११४ च्या थोडं वर, म्हणून ११५ चा वर्ग घ्या, १३२२५, त्यातून १३०८१ वजा करा, १४४ आले, हा तर १२ चा वर्ग. म्हणजे अवयव ११५ − १२ आणि ११५ + १२, १०३ × १२७. पहिल्याच घावाला. वर्ग नसता आला तर ११६, ११७ करत जायचं. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही पद्धत पटकन सुटते, लांब असले तर मात्र रात्र सरेल.

नुसतं मूळ आहे की संयुक्त एवढंच हवं असेल तर अवयव पाडायची गरजच नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मूळ की संयुक्त हा त्यातला खूप सोपा आहे. फर्माची कसोटी अशी, की संख्या २ पेक्षा मोठी आणि मूळ असेल तर २ चा (संख्या − १) इतका घात करून त्याच संख्येनं भागलं की बाकी १ यायलाच पाहिजे. १ नाही आली तर संयुक्त, विषय संपला. १ आली तर मात्र खात्री नाही, ३४१ ही कसोटी पास होते आणि ती ११ × ३१ आहे. ५६१ तर आणखी बेरकी, २ च्या जागी तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया (म्हणजे जिचा घात करायचा ती संख्या) घ्या, ती पासच होते. म्हणून प्रोग्राममध्ये मिलर-राबिन नावाची जास्त कडक कसोटी वापरतात, त्यात वेगवेगळे पाये घेत गेलं की असल्या लबाड संख्या टिकत नाहीत. शंभर टक्के खात्री देणारी आणि तरीही वाजवी वेळात संपणारी पद्धत आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली, पण व्यवहारात ती हळू पडते.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते बघायचं तर २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या बघा, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ल्यूकासनं १८७६ मध्ये दाखवलं की ही संयुक्त आहे, पण अवयव कुठले ते कुणालाच माहीत नव्हतं. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलनं काढले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आता तुमच्याकडे पायथन असेल तर हा गुणाकार आधी तिथे करून बघा आणि मग तीच संख्या कॅल्क्युलेटरमध्ये टाका, शेवटचे किती अंक खरे राहतात ते लगेच दिसेल.